रासेयोत नाव घालू का? विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दर वर्षी प्रवेशाची धावपळ आटोपली की आमच्या छोट्या खोलीच्या दाराशी मुलं-मुली घुटमळू लागतात. कुणाला मैत्रिणीने ओढून आणलेलं असतं, कुणाला गुणांबद्दल विचारायचं असतं, कुणी नुसताच फलक वाचून निघून जातो. विद्यार्थी असताना मी राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक होतो. पुढे प्राध्यापक झाल्यावर कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहिलं. इतक्या वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरं इथे सविस्तर देतो आहे.

रासेयो म्हणजे नक्की काय?

राष्ट्रीय सेवा योजना (मराठीत रासेयो, इंग्रजीत एनएसएस) ही केंद्राच्या युवक कल्याण आणि क्रीडा मंत्रालयाची योजना आहे. ती विद्यापीठं, महाविद्यालयं आणि काही ठिकाणी अकरावी-बारावीच्या वर्गांमार्फत चालते. सुरुवात झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठांतले ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. विद्यार्थ्यांनी सुट्टीत खेड्यात जावं, तिथल्या लोकांबरोबर राबावं, असं गांधीजी सांगत. तो विचार कॉलेजच्या वेळापत्रकात बसवायचा हा या योजनेचा प्रयत्न.

साधारण शंभर स्वयंसेवकांचं एक एकक असतं आणि त्याची जबाबदारी एका प्राध्यापकाकडे असते. तोच कार्यक्रम अधिकारी. छातीवर लावायच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथाचं चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. ब्रीद आहे ‘मी नव्हे, तुम्ही’ अशा अर्थाचं.

एनसीसी घ्यावी की एनएसएस?

दोन्ही चांगल्या, पण घडण वेगळी. राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे एनसीसी, १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. तिथे गणवेश, कवायत, नकाशावाचन, शस्त्राची ओळख आणि ‘ए’, ‘बी’, ‘सी’ प्रमाणपत्रांच्या परीक्षा असतात. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर ‘सी’ प्रमाणपत्राचा उपयोग होतो. सकाळी मैदानावर रमणाऱ्या मुलाने एनसीसी जरूर घ्यावी. रासेयोत हुकूम नाही. इथे गावाशी बोलावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, आणि काम काय करायचं ते बऱ्याचदा स्वतःच शोधावं लागतं. ज्याला ‘पुढे काय करू?’ हे कुणीतरी सांगावं लागतं, त्याला पहिले दोन महिने इथे चुकल्यासारखं होतं. मग सवय होते.

देशसेवा म्हणजे सैन्यात जाणं ना? खड्डे खणून देशसेवा कशी होते?

हा प्रश्न मला बहुधा सातारा-सांगलीकडची मुलं विचारतात. त्यांच्या घरातलं कुणी ना कुणी फौजेत असतं, आणि त्यांचा अभिमान रास्त आहे. सीमेवर उभं राहणाऱ्याची बरोबरी आम्ही कशाला करू? पण त्याच फौजीच्या गावात जानेवारीत नळ कोरडा पडतो, आणि त्याची आई डोक्यावर हंडा घेऊन दीड मैल जाते. ते पाणी गावात अडवणं हेही कुणाचं तरी काम आहे ना? गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून जागं करायचे. पाया पडायला आलेल्यांना जवळ येऊ देत नसत. राज्य सरकारने २००० साली सुरू केलेलं ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाचं आहे. खराट्याची देशसेवा महाराष्ट्राला नवी नाही.

१२० तास म्हणजे काय?

स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं, दोन वर्षांत २४० तास. त्याशिवाय दत्तक गावातलं सात दिवसांचं विशेष शिबिर एकदा पूर्ण करायचं. मग विद्यापीठाचं प्रमाणपत्र मिळतं. शिबिराला एककातल्या साधारण निम्म्या मुलांना नेता येतं, म्हणून नाव लवकर द्यावं.

लोकांच्या डोळ्यांसमोर शिबिर येतं, कारण शिबिराचे फोटो निघतात. माझ्या मते खरी रासेयो त्या १२० तासांत असते. रविवारी सकाळी सात वाजता, कुणी हजेरी घेणार नाही हे ठाऊक असताना, तुम्ही रोपांना पाणी घालायला जाता की नाही, तिथे.

कामाची डायरी लिहावी लागते म्हणे. सगळे तास खरेच लिहायचे का?

कुणी उघडपणे विचारत नाही. मनात मात्र सगळ्यांच्या असतो, म्हणून इथे घेतला.

प्रत्येक स्वयंसेवकाला कार्यदैनंदिनी दिलेली असते. तारीख, काम, तास आणि खाली सही. मार्च आला की कॅन्टीनमध्ये एकाची डायरी मध्ये ठेवून पाच जण उतरवून काढताना मी पाहिले आहेत. ‘वृक्षारोपण, ४ तास.’ ‘वृक्षारोपण, ४ तास.’ मी स्वतः विद्यार्थी असताना पहिल्या वर्षी हेच केलं. मला २८ तास कमी पडत होते, मी ते भरले. आमच्या सरांनी डायरी उघडली, त्या पानावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, “त्या दिवशी पाऊस होता. तू कुठली रोपं लावलीस?” ओरडले नाहीत, वर्गात सांगितलं नाही. डायरी परत दिली. मी घरी येऊन ती पानं खोडली, आणि त्या वर्षी माझे ९२ तासच झाले. प्रमाणपत्र एक वर्ष उशिरा मिळालं.

आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच बैठकीत सांगतो की ९२ झाले तर ९२ लिही. चारित्र्य हा शब्द भाषणात फार मोठा वाटतो. डायरीच्या रकान्यात तो एक आकडा असतो. पुढे हीच मुलं तलाठी होतात, शिक्षक होतात, ठेकेदार होतात, मोजमाप पुस्तिकेत खोदाईचे घनमीटर लिहितात. रकाना तोच असतो, फक्त त्यातले पैसे लोकांचे असतात.

शिबिरातला दिवस कसा असतो?

पहाटे साडेपाचला उठणं. डिसेंबर-जानेवारीचा गारठा, जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, खाली सतरंजी. प्रार्थना, योगासनं, मग गावातून प्रभातफेरी. चहा-पोहे झाले की टिकाव, फावडी, घमेली घेऊन श्रमदानाला निघायचं ते साडेअकरा-बारापर्यंत. जेवण. दुपारी बौद्धिक सत्र, म्हणजे एखाद्या डॉक्टरचं, शेतकऱ्याचं, पोलीस अधिकाऱ्याचं व्याख्यान. संध्याकाळी गटागटाने घरोघर सर्वेक्षण: घरात शौचालय आहे का, मुलगी शाळेत जाते का, म्हाताऱ्या आजींचं निराधार योजनेचं अनुदान सुरू आहे का. रात्री मंदिरापुढे पथनाट्य, भजनी मंडळ, गाण्यांच्या भेंड्या. झोपण्याआधी आढावा.

स्वयंपाक पाळीने मुलंच करतात. घरात कधी पाण्याचा तांब्याही न उचललेला मुलगा पन्नास जणांची पिठलं-भाकरी झाल्यावर पातेली घासतो. आमच्याकडे शौचालय साफ करण्याची पाळी सर्वांना सारखी असते, आणि त्या यादीत पहिलं नाव कार्यक्रम अधिकाऱ्याचं असतं. हा नियम मी माझ्या सरांकडून घेतला. कोणत्या आडनावाच्या मुलाने कोणतं काम करायचं याची जी यादी गावोगाव न लिहिता पाठ असते, ती या सात दिवसांत फाटते. रासेयोने दुसरं काही केलं नसतं आणि एवढंच केलं असतं, तरी मी तिच्यासाठी राबलो असतो.

श्रमदानातून खरंच काही होतं का, की फोटोपुरतं?

दोन्ही प्रकार पाहिले आहेत. कोणता प्रकार होणार हे शिबिराच्या आधीच ठरलेलं असतं.

आमच्या एककाची एक चूक सांगतो. एका जुलैत आम्ही गावच्या माळावर २०० रोपं लावली. पाहुणे आले, नारळ फुटला, प्रत्येकाने रोपाबरोबर फोटो काढला. दिवाळीनंतर गेलो तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच जिवंत होती. कुंपण नव्हतं, शेळ्यांनी खाल्ली. पाणी घालायला कोण येणार हे ठरवलंच नव्हतं. एक आजोबा बांधावर बसले होते. म्हणाले, “पोरांनो, पुढल्या साली लावू नका. हायेत ती जगवा.” तेव्हापासून आम्ही ज्यांची पाळी लागेल तेवढीच रोपं लावतो.

आता जमणाऱ्या कामांबद्दल. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे. साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. १० मीटर लांबीचा असा चर एका वेळी १,८०० लिटर पाणी धरतो, आणि पाऊस थांबून थांबून आला तर तो पुन्हा पुन्हा भरतो. यातलं कसब खणण्यात नाही, रेघ आखण्यात आहे. चर पूर्ण समपातळीत हवा. एका टोकाला उतार राहिला तर पाणी तिकडे धावतं आणि चराची नाली होते, माती उलट वाहून जाते. म्हणून हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीने समपातळी दाखवणारं साधन) किंवा ‘ए’ अक्षराच्या आकाराच्या लाकडी चौकटीने, म्हणजे ए-फ्रेमने, आधी फक्की टाकून आखणी करायची आणि मगच टिकाव उचलायचा. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला रचायची. पहिल्या दिवशी मुलांना आखणी कंटाळवाणी वाटते. पहिल्या पावसानंतर चर भरलेले पाहिले की तीच मुलं पुढच्या वर्षी नव्यांना आखणीवरून दटावतात.

शोषखड्ड्याचं काम सोपं आहे आणि गावाला लगेच कळतं. नळाजवळ किंवा घरामागे सांडपाण्याचं डबकं असतं तिथे साधारण मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्यायचा. तळाशी मोठे दगड, वर लहान. तोंडाशी भोकं पाडलेला माठ, म्हणजे खरकटं आणि केस आत जात नाहीत. डबकं गेलं की डास कमी होतात. माठ मधूनमधून साफ करायला घरच्या माणसाला शिकवलं नाही तर दोन वर्षांत खड्डा तुंबतो, हेही सांगून ठेवतो.

आणि वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि विटांसारखे सांधे मोडत ओढ्यात आडव्या रचायच्या. खर्च जवळजवळ नाही. अडलेल्या पाण्यावर हरभऱ्याला, गव्हाला एखाद-दुसरं पाणी मिळतं, विहिरींना पाझर राहतो. मात्र हा बंधारा पावसाळा सरताना, ओढा वाहता असताना घालायचा असतो, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपली शिबिरं भरतात परीक्षा संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. तोवर बहुतेक ओढे आटलेले. आटलेल्या ओढ्यात बंधारा घालून फोटो काढणारी शिबिरं मी पाहिली आहेत, आणि मनापासून वाईट वाटलं आहे. गावाचं काम गावाच्या पंचांगाने करावं लागतं. आम्ही ऑक्टोबरातले दोन रविवार त्यासाठी राखून ठेवतो. ते तास त्या १२० तासांत धरले जातात.

मुलीला सात दिवस बाहेर कसं पाठवायचं?

आई-वडिलांची काळजी योग्यच आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. मुलींच्या मुक्कामाची खोली वेगळी असते, महिला प्राध्यापिका सोबत राहतात. मुक्काम कुठे आहे, स्नानगृह-शौचालय कसं आहे, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे, हे पालकांनी स्पष्ट विचारावं. ज्या कॉलेजकडे याची उत्तरं तयार नसतील तिथे आग्रह धरावा. शिबिराच्या मध्यावर एक दिवस येऊन पाहावं. आमच्याकडे पालक आले की आम्ही त्यांनाही जेवायला बसवतो.

एक अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका मुलीचे वडील पाठवायला तयार नव्हते. शेवटी दोन दिवसांच्या बोलीवर पाठवलं. तिसऱ्या दिवशी न्यायला आले, तेव्हा ती गावातल्या बायकांच्या घोळक्यात बसून हिमोग्लोबिन म्हणजे काय ते समजावत होती. घरात चार माणसांत तोंड न उघडणारी पोर. ते शाळेच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहिले आणि एकटेच परत गेले. पुढल्या वर्षी धाकटीला स्वतः घेऊन आले.

अभ्यासाचं नुकसान होईल का? गुण मिळतात का?

१२० तास वर्षभरात वाटले तर आठवड्याला अडीच तास पडतात. तेवढे मोबाईलवर एका संध्याकाळी जातात. गुणांबद्दल: बऱ्याच विद्यापीठांत स्वयंसेवकांसाठी सवलतीच्या गुणांची तरतूद आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणात अनेक ठिकाणी रासेयो श्रेयांकात धरली जाते. नियम विद्यापीठागणिक वेगळे, ते आपल्या कॉलेजातच विचारावेत. गुणांसाठी आलात तरी मी परत पाठवत नाही. पुष्कळ चांगले स्वयंसेवक गुणांसाठीच आले होते.

मी शहरातला. आमच्याकडे ना माळ, ना ओढा. मी काय करू?

गणेश विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करणं, हे पहिलं. आषाढी वारीच्या वाटेवर स्वच्छतेचं काम पुण्याकडच्या स्वयंसेवकांनी किती वर्षं केलं आहे! वस्तीतल्या मुलांची संध्याकाळची अभ्यासिका चालवता येते, पण ती वर्षभर चालवणार असाल तरच सुरू करा. मुलांना अर्ध्यात सोडून जाणाऱ्या ताई-दादांची सवय आधीच असते.

रक्तदान हे शहरात सर्वांत सोपं. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ हवं. पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यायला हरकत नसते. शिबिरं मात्र सगळी जयंती-पुण्यतिथीला एकाच दिवशी भरतात आणि मे महिन्यात रक्तपेढ्या ओस पडतात, कारण कॉलेजं बंद. म्हणून आम्ही प्रत्येकाला उन्हाळ्यातली एक तारीख आताच ठरवून ठेवायला सांगतो.

आणि मतदार नोंदणी. १८ पूर्ण झालं की नमुना ६ भरायचा. पूर्वी फक्त १ जानेवारी ही अर्हता तारीख (१८ वर्षं पूर्ण झाली का हे ज्या दिवशी पाहतात ती) होती, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत. स्वतःचं झालं की गल्लीतल्या पाच जणांचं करून द्या. आजोबा वारले असतील तर त्यांचं नाव वगळण्याचा नमुना ७ भरायला घरच्यांना मदत करा. हे काम कुणी फोटोत पाहत नाही.

रासेयोत पक्षाचं काम चालतं का?

नाही. कुणी सभेला गर्दी म्हणून न्यायला आलं तर ‘नाही’ म्हणायचं. मतदान करा हे सांगायचं, कुणाला करा हे सांगायचं नाही.

पूर, भूकंप आला की आम्ही लगेच निघावं का?

मन धावतं, ते मी समजू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा राज्यभरातून तरुण तिकडे गेले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हाही. पण आपली राहण्या-जेवण्याची सोय नसताना गेलो तर आपणच तिथल्या लोकांवर भार होतो. आधी कार्यक्रम अधिकाऱ्यामार्फत जिल्हा प्रशासनाशी बोलायचं, बोलावलं तिथेच जायचं. बचावाचं काम प्रशिक्षित पथकांचं. आपलं काम पाणी ओसरल्यावर सुरू होतं, जेव्हा घरात गुडघाभर चिखल असतो, टीव्हीवाले निघून गेलेले असतात आणि घरातली बाई एकटी फावडं घेऊन उभी असते. गमबूट, हातमोजे हवेतच. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून पायाला जखम असलेल्याने चिखलात उतरू नये, आणि प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. आणि जुने फाटके कपडे गोळा करून पाठवू नका. नेसता येईल तेच द्या.

दिल्लीच्या परेडला कसं जाता येतं?

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी देशभरातून सुमारे २०० स्वयंसेवक निवडले जातात आणि ते अख्खा जानेवारी दिल्लीत शिबिरात असतात. निवड कॉलेज, विद्यापीठ, मग विभागीय पूर्वतयारी शिबिर अशा पायऱ्यांनी होते. कवायत, तब्येत, सांस्कृतिक गुण आणि केलेलं काम पाहतात. तयारी पहिल्या वर्षापासून करा. निवड झाली नाही तर गावातलं काम सोडू नका. तसं सोडलेले काही जण मी पाहिले, आणि त्याचं दुःख मला निवड न झाल्याच्या दुःखापेक्षा जास्त झालं.

आमच्या कॉलेजात रासेयो नाही. मग?

दारं पुष्कळ आहेत. बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला मे महिन्याच्या उन्हात भरते. तिथे हातात कुदळ घेऊन आठवडाभर राहिलेली मुलं पुढे महाराष्ट्रभर कामं करताना दिसतात. १९८५-८६ मध्ये ‘भारत जोडो’ म्हणत तरुण सायकलींवरून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेव्हा बाबांचं वय सत्तरीपलीकडचं होतं आणि मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसताही येत नव्हतं. वाहनात आडवं पडून ते मुलांबरोबर गेले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये ‘निर्माण’ सुरू केलं. आपल्या शिक्षणाचं करायचं काय, हा प्रश्न पडलेल्यांसाठी ते आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून काम करतं आहे. आणि यातलं काहीच जवळ नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, कोणतं काम माणसाअभावी अडलंय. उत्तर मिळेलच.

मी लाजाळू आहे. गावात अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. जमेल का?

जमेल. पहिल्या घरी पाणी मागा. पाणी देताना माणूस बोलतोच.

शिबिराला येताना काय आणायचं?

अंथरूण-पांघरूण, त्यातलं पांघरूण जाड. ताट, वाटी, पेला, त्यावर नाव घातलेलं. जुने पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, डोक्याला टोपी किंवा रुमाल, खालच्या बाजूने न घसरणारे बूट. बॅटरी. रोज लागणारी औषधं, आणि कोणती चालू आहेत त्याची चिठ्ठी. हाताला फोड येतात, म्हणून सुती हातमोजे किंवा जुने मोजे कापून केलेले. कार्यदैनंदिनी आणि पेन. सोन्याचे दागिने, महागडी घड्याळं घरी ठेवा. फराळाचा डबा आणलात तर तो सगळ्यांच्या मध्ये ठेवायचा असतो, एवढं आईला आधीच सांगा, म्हणजे ती चार लाडू जास्तीचे देईल.